फळीवरची शेवटची जोडी

यंदा उन्हाळी कार्यक्रमांच्या समितीनं पोहणाऱ्यांसाठी नंबरांचे बिल्ले आणले आणि मी एका शब्दानं भांडलो नाही. गावाला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. समितीची चिटणीस म्हणजे शाळेत गणित शिकवणारी पोरगी. ती बिल्ल्यांची पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली तीच मुळी चेहरा पाडून. तीन वर्षांपूर्वी याच बिल्ल्यांवरून मी तिला चारचौघांत गप्प केलं होतं. "बाई, बिल्ले कुत्र्यांना बांधतात. माणसं मी चपलेवरून ओळखतो," असं म्हणालो होतो. या वेळी मी पिशवीत हात घालून एक बिल्ला बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला आणि म्हटलं, "छान केलंस. दोरी जरा जाड घे, भिजली की तुटते ही." ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, तब्येत बरी आहे ना?"

तब्येतीला काय धाड भरलीय! सत्तरी ओलांडली तरी सुईत दोरा मी चष्म्याशिवाय ओवतो. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी, आणि ते सांगायचं तर आधी फळीबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव तळ्याच्या या काठाला. समोरच्या काठाला दुसरं गाव, मधे एक बोडकं खडकाळ बेट. उन्हाळ्याचे तीन आठवडे दोन्ही काठांवर नुसती धमाल असते. होड्यांच्या शर्यती, धक्क्यावर बँड, मुलांच्या कागदी होड्या, वाचनालयाचा जुन्या पुस्तकांचा बाजार, आणि साठीच्या पुढच्यांची रस्सीखेच, जिच्यात दर वर्षी कुणाची तरी कंबर धरते. शेवटच्या रविवारी सकाळी पोहून तळं पार करायचं. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. समोरच्या काठाला पाय लागला की झालं.

पोहणारा चपला या काठावर काढतो आणि त्या लागतात समोर, कारण तिथं वाळू नाही, टोकदार खडी आहे. घरी परतायचा रस्ताही काठाकाठानं सात किलोमीटर. म्हणून फार पूर्वीपासूनची पद्धत अशी, की सगळ्यांच्या चपला-बूट लाँचमधून समोर न्यायचे, एका लांब फळीवर ओळीनं मांडायचे आणि जो पाण्याबाहेर येईल त्याच्या पुढ्यात त्याची जोडी ठेवायची. फळी रिकामी झाली म्हणजे सगळे बाहेर आले. मग फळीजवळचा लाल बावटा उतरवायचा. बावटा उतरला की राखणीच्या होड्या परत फिरतात, बेटावरचा नावाडी गाशा गुंडाळतो, बँड शेवटचं गाणं वाजवतो. जो मधेच थकून होडीत चढला, त्याचं नाव नावाडी स्वतः येऊन सांगतो आणि मगच त्याची जोडी फळीवरून काढायची. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी चपला शिवायला शिकलो त्याचा हा नियम. तो म्हणायचा, "जोडी उरली म्हणजे माणूस पाण्यात आहे. दुसरा अर्थ काढायचा नाही."

त्याच्यामागून ही फळी मी एकतीस वर्षं सांभाळली. शंभर-शंभर जोड्या, पण एकदाही कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली नाही. कोण टाच घासत चालतो, कुणाचा अंगठा पुढून चामडं फाडतो, कुणी बायकोला न सांगता नवे बूट घेतलेत, सगळं मला पाठ. त्याचा मला गर्व होता. गर्व हा शब्द थोडा सौम्यच झाला.

आता माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पाट्या रंगवायचा. हात सोन्याचा, पण स्वभाव आरंभशूर. दुकानाची पाटी अशी झोकात सुरू करायचा की रस्त्यावरचे लोक थांबून बघत, आणि शेवटच्या दोन अक्षरांसाठी मालकाला त्याच्या घरी खेटे घालावे लागत. लहानपणी त्यानं भाकरी अर्धी टाकली, पाढे अर्धे टाकले, म्हणून मी त्याला 'अर्ध्या' म्हणायला लागलो. गल्लीनं ते उचललं, मग शाळेनं, मग दोन्ही काठांनी. साठीला आला तरी लोक त्याला त्याच नावानं हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. ते नाव मी ठेवलं होतं, हे मला कधी खटकलं नाही. उलट मी ते कौतुकानं सांगायचो.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खाट तळ्याकडच्या खिडकीशी लावली होती. तिला त्या खिडकीचा उडालेला रंग डोळ्यांत खुपायचा. "निळी करून दे रे," असं ती धाकट्याला म्हणाली. तो त्याच दिवशी डबा घेऊन आला, डावं दार असं सुरेख रंगवलं की आई त्याच्याकडेच बघत पडून राहायची. तेवढ्यात होडी क्लबचं बोलावणं आलं. उन्हाळी कार्यक्रमांच्या पाट्या हव्या होत्या, आठवड्यात. "उजवं दार उद्या करतो," असं म्हणून तो गेला. चौथ्या दिवशी आई गेली. खिडकी अर्धी निळी, अर्धी भुरकट.

तिला पोचवून आल्यावर घरात सगळे नातेवाईक बसले होते. तो कोपऱ्यात, गुडघ्यांत मान घालून. त्याला काही सुनवायची गरज नव्हती. त्याचं त्यालाच कळलं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आईची खिडकीसुद्धा तुला पुरी करता आली नाही. तळ्यात उतरतोस तर बेटावरून परत येतोस. जन्मात एक गोष्ट पुरी कर. ज्या दिवशी हे तळं या काठापासून त्या काठापर्यंत पार करशील, त्या दिवशी मला दादा म्हण. तोवर म्हणू नकोस."

त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं" म्हणाला. पुढं त्यानं तो शब्द पाळला. मला दादाही म्हणाला नाही आणि दुसरंही काही म्हणाला नाही.

दोन गल्ल्या सोडून राहायचा. मी दुकानात, तो समोरून शिडी खांद्यावर घेऊन जाणार. दोघांच्याही माना बरोबर दुसरीकडे वळायच्या. पण उन्हाळ्यातल्या त्या रविवारी तो न चुकता यायचा, आपले तपकिरी बूट माझ्या पुढ्यात ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता पाण्यात शिरायचा. चार उन्हाळे आला. चारही वेळा बेटापाशी दम तुटला. नावाडी येऊन सांगायचा, "अर्ध्या चढला होडीत." लोक हसायचे. मी त्याचे बूट परत आणायचो, रात्रीत उसवलेलं शिवायचो, टाच झिजली असेल तर बदलायचो आणि सकाळी त्याच्या पायरीवर ठेवून यायचो. बायको म्हणायची, "बूट शिवता, मग दोन शब्द बोलायला काय होतं?" मी म्हणायचो, "त्याला जमेल तेव्हा मला जमेल."

खरं सांगतो, मनातून मला वाटायचं की एकदा यानं पार करावं. तो शब्द मलाच जड झाला होता. पण मोठ्या भावानं आपला शब्द गिळायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचवा उन्हाळा आला. सकाळी त्यानं बूट ठेवले. नेहमीपेक्षा जरा वेळ उभा राहिला. मी दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल पुसत होतो. मग तो गेला.

साडेनऊपर्यंत जवळजवळ सगळी फळी रिकामी झाली. दहा वाजता एकच जोडी उरली, तपकिरी. ऊन तापलं होतं, बँडवाले टोप्यांनी वारा घेत होते, लोकांना घरी जायची घाई. सव्वादहा झाले. चिटणीस आली. "काका, ही कुणाची?"

"अर्ध्याची. बसला असेल बेटावर, पाण्यात पाय सोडून."

"नावाडी सांगायला आला का?"

"त्यानं सांगायला कशाला हवं? काळ्या दगडावरची रेघ आहे ती."

आजूबाजूचे खो खो हसले. बँडवाल्यांतला एक तर ढोलावर थाप मारून हसला. ते हसणं मला गोड लागलं, हे आज लपवून काय उपयोग? चिटणीस चाचरत म्हणाली, "बिल्ले असते तर नेमकं कळलं असतं." त्यावर मी तिला ते कुत्र्यांचं ऐकवलं, आणखी हशा घेतला, बूट काखोटीला मारले आणि बावटा खाली उतरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी नावाड्याची वाट बघितली नाही.

परतीच्या लाँचमध्ये मी पाण्याकडे पाठ करून बसलो होतो. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता, तो शिवत होतो. हातात काम असलं की मी मान वर करत नाही, ही माझी ख्याती. दुकानात येऊन नवा तळ पुरा बसवला आणि बूट त्याच्या पायरीवर ठेवून आलो. दाराला कुलूप होतं. मला वाटलं, तोंड लपवून बसला असेल कुठं तरी.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं बूट आणलेच नाहीत. मी बायकोला म्हटलं, "बघ, प्रयत्नसुद्धा अर्ध्यातच टाकला." त्या दिवशी तिनं माझ्यासमोर ताट जरा जोरातच आदळलं.

नंतर तो मुलीकडे शहरात राहायला निघाला. बसला जाताना हातात पेटी घेऊन माझ्या दुकानासमोर थांबला. मी खाली मान घालून एका टाचेत खिळा ठोकत होतो. खिळा केव्हाच बसला होता, तरी मी ठोकतच होतो. मला फक्त त्याचे पाय दिसत होते, तेच तपकिरी बूट, मीच बसवलेला तळ. बराच वेळ ते पाय तिथं होते. मग नव्हते. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेला, असं म्हणाली.

इथपर्यंतही मी माझ्या जागी ठाम होतो. भाऊ गेल्याचं दुःख होतं, पण चूक त्याची होती ना? हा ठामपणा दोन महिन्यांपूर्वी संपला.

कार्यक्रमांना खुर्च्या भाड्यानं देणारी एक बाई आहे, समोरच्या काठावरची. टेम्पो स्वतः चालवते. पिशवीचा पट्टा शिवून घ्यायला आली होती. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या भावाचं कळलं, काका. फार वाईट झालं. तळं पार केलं त्या दिवशी काय खूश होता बिचारा!"

"कुणी पार केलं?"

"अहो, त्यानंच. तीन वर्षं झाली ना आता?"

मी सुई खाली ठेवली. ती सांगत गेली. "बारा वाजायला आले होते. मी खुर्च्या आवरत होते. बघते तर लव्हाळ्यातून कुणीतरी हातापायांवर वर येतंय. आधी घाबरलेच. मग ओळखलं. ओठ निळे पडलेले, अंग थरथरतंय, पण हसत होता. पहिला शब्द काय, तर 'दादा कुठाय?' मी म्हटलं, ते तर फळी आवरून गेले, दीड तास झाला. मग फळीच्या जागी बघत बसला जरा वेळ. म्हणाला, 'असू दे. मलाच उशीर झाला.'"

"आणि तू मला तीन वर्षांत सांगितलं नाहीस?"

"मी येणारच होते सांगायला. तोच म्हणाला, 'तू बोलू नकोस हं, दादाला मीच सांगणार.' मला वाटलं, सांगितलं असेल."

ती गेल्यावर मी दुकान बंद करून धक्क्यावर नावाड्याकडे गेलो. त्याला चांगलं आठवत होतं. "बेटाचा खडक धरून अर्धा तास होता. मी म्हटलं, चढ. म्हणाला, आज नाही. मग गेला पुढं, पण वारा त्याला लव्हाळ्याकडं ढकलत होता. मी नजर ठेवून होतो, पण लव्हाळ्याआड गेला तो दिसेना. तेवढ्यात तुमचा बावटा उतरला. म्हटलं, पोचला वाटतं. तुमचा बावटा काय चुकतोय!"

माझा बावटा. माणूस पाण्यात असताना मी तो उतरवला आणि माझ्यावर भरवसा ठेवून सगळ्या होड्या निघून गेल्या. तो बुडाला असता तर? तो माझा भाऊ होता म्हणून नाही, कुणीही असता तरी. पण दुसऱ्या कुणाची जोडी असती तर मी थांबलो असतो. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो. भावाची होती म्हणून थांबलो नाही. लाँच त्याच वेळी तळ्यातून चालली होती. तो त्याच पाण्यात कुठेतरी हातपाय मारत होता आणि मी पाठ करून त्याचाच बूट शिवत होतो.

तो पार करून, अनवाणी, सात किलोमीटर चालून घरी आला असेल. तोंडात तो शब्द धरून, पाच वर्षांनी. आणि पायरीवर काय, तर नवा तळ लावलेले बूट. ते बूट पायरीवर दिसण्याचा आमच्यात एकच अर्थ होता. तू पार केलं नाहीस. मग तो कुणाला सांगणार होता, आणि कशाला? तरीही जायच्या दिवशी दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी मान वर केली असती तर म्हणाला असता, माझी खात्री आहे. मी खिळा ठोकत राहिलो.

आईची खिडकी अजून तशीच आहे. इतकी वर्षं मी तिला कुणाला हात लावू दिला नाही. पुरावा म्हणून ठेवली होती, त्याच्याविरुद्ध. आता सकाळी डोळे उघडले की तीच समोर दिसते.

तर असे बिल्ले आले. परवाच्या रविवारी फळी मीच मांडली, पण वही त्या चिटणीस पोरीच्या हातात, बावट्याची दोरीही तिच्याच हातात. शेवटचा बिल्ला वहीत टिपला गेला, नावाडी येऊन दोन नावं सांगून गेला, मग तिनं बावटा उतरवला. व्यवस्थित काम. मी तिला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो." लाँच गेली. बँड गेला. मी फळीच्या जागी बारा वाजेपर्यंत बसून राहिलो. कुणी येणार नव्हतं, हे मलाही कळतं. वरातीमागून घोडं. पण बसलो.

मग चपला काढून हातात घेतल्या आणि काठाच्या रस्त्यानं घराकडे निघालो. म्हटलं, बघू तरी तो कसा आला ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांची काळजी केलेला मी, माझे स्वतःचे तळवे लहान मुलासारखे मऊ. पहिल्या किलोमीटरला खडी टोचली, दुसऱ्याला डांबर भाजायला लागलं. ओढ्यावरच्या पुलापाशी पोचलो तेव्हा उजव्या टाचेचा फोड फुटला होता. पुलाच्या कठड्यावर बसलो तो बसलोच. अजून निम्मा रस्ता बाकी होता.

मागून खुर्च्यांचा टेम्पो आला आणि थांबला. बाईनं माझे पाय बघितले, हातातल्या चपला बघितल्या, आणि पलीकडचं दार उघडलं. "चढा, काका."

मी चढलो. मागं खुर्च्या खडखडत होत्या. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी त्यालाही तू गाडीत बस म्हणाली असशील."

"म्हटलं की! काठावर म्हटलं, नको म्हणाला. मग खुर्च्या भरून निघाले, तर त्या पुलापाशीच गाठ पडली. पायांतून रक्त येत होतं. पुन्हा म्हटलं, बस रे बाबा."

"मग?"

"म्हणाला, 'नको ताई. आज पुरं जायचंय.'"

मी खाली वाकून चपला पायात घातल्या. उरलेला अर्धा रस्ता मी टेम्पोत बसून काढला.